‘कर भरला की गटार आपले’ : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

गृहनिर्माण संस्थांच्या, हॉटेलचालकांच्या आणि छोट्या कारखानदारांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा : मलनिःसारण कर भरणाऱ्याने ड्रेनेजमध्ये काय सोडावे हे सांगण्याचा पालिकेला अधिकार नाही, सांडपाण्याचे नियम मोठ्या कारखान्यांसाठी आहेत, घरांना आणि गाळ्यांना ते लागू नाहीत, काहीही असो, भरपूर पाण्याने पातळ केले की ते निरुपद्रवी होते, तेलकट पाणी गरम पाण्याबरोबर व साबणाबरोबर सोडल्यास वाहून जाते, तुंबलेच तर ॲसिड ओतावे, गच्चीचे पावसाचे पाणी ड्रेनेजला जोडणे सर्वांत सोयीचे, आणि पालिका स्वतःच मैला समुद्रात सोडत असल्याने तिने इतरांना शिकवू नये. मजकुराचा सूर इतका ठाम आहे की काही संस्थांच्या कार्यकारिणीत तो कायदेशीर सल्ला म्हणून वाचला जातो, म्हणून त्यातला एकेक दावा तपासून पाहणे गरजेचे वाटले.

कर भरल्याने हक्क मिळतो, हे अर्धेच खरे आहे. मुंबईसाठीचा १८८८ चा आणि राज्यातील इतर महानगरांसाठीचा १९४९ चा असे महानगरपालिकांचे दोन्ही कायदे मालकाला आपली मोरी पालिकेच्या वाहिनीला जोडण्याचा हक्क देतात. मात्र तो हक्क आयुक्तांच्या लेखी परवानगीच्या आणि त्यांनी घातलेल्या अटींच्या अधीन असतो, आणि मजकुराने नेमका हाच भाग गाळला आहे. एसटीचे तिकीट काढले म्हणून रॉकेलचा डबा घेऊन गाडीत चढता येत नाही. शिवाय मुंबईत मलनिःसारण आकार पाणीपट्टीच्या टक्केवारीत लावला जातो, म्हणजे नळाने किती पाणी आले त्यावरून गटारात किती गेले असेल याचा अंदाज बांधला जातो. हा हिशोब केवळ प्रमाणाचा आहे. बाहेर पडणारे पाणी साधे घरगुती सांडपाणी असेल, हे त्यात गृहीत धरलेले असते. धातूवर मुलामा चढवणाऱ्या, म्हणजे प्लेटिंगच्या गाळ्यातून निघणारे क्रोमियमचे पाणी निस्तरण्याचे पैसे त्या बिलात कुणीही भरलेले नसतात.

नियम फक्त मोठ्या कारखान्यांसाठी आहेत, हा दावा कायदा उघडून पाहिला तर टिकत नाही. १९७४ च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमाचे कलम २४ कोणत्याही व्यक्तीला लागू आहे आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मानकांनुसार विषारी, अपायकारक किंवा प्रदूषक ठरणारा पदार्थ जाणूनबुजून प्रवाहात, विहिरीत, जमिनीवर किंवा गटारात जाऊ देण्यास ते मनाई करते. गटाराची व्याख्याही त्याच कायद्यात आहे आणि ती उघड्या व बंद अशा दोन्ही वाहिन्यांना लागू होते, त्यामुळे ‘आम्ही ड्रेनेजमध्ये नाही, बाहेरच्या नाल्यात सोडतो’ ही पळवाटही बंद होते. कलम २५ प्रमाणे व्यवसायातून निघणारे सांडपाणी गटारात सोडण्यापूर्वी मंडळाची संमती लागते. घरांबाबत मजकूर थोडा बरोबर आहे : तुमच्या मोरीच्या पाण्याचा नमुना घ्यायला कुणी निरीक्षक येत नाही आणि येण्याचे कारणही नाही. पण घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी प्रत्येक कचरा निर्माण करणाऱ्याला तो गटारात टाकण्यास मनाई केली आणि डायपर व सॅनिटरी पॅड वेगळे गुंडाळून देण्याची जबाबदारी घरातल्या माणसांवरच टाकली.

गटारासाठीची मानके प्रत्यक्षात काय सांगतात, हे मात्र फारसे कुणी पाहिलेले नसते. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांच्या सहाव्या अनुसूचीत नदी-नाल्यात सोडायच्या आणि सार्वजनिक गटारात सोडायच्या पाण्याच्या मर्यादा शेजारी शेजारी दिल्या आहेत. नदीत सोडायच्या पाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी (पाण्यातला सेंद्रिय मळ खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), लिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. गटारासाठी ती ३५० पर्यंत चालते. निलंबित, म्हणजे पाण्यात न विरघळता राहिलेले घन पदार्थ नदीसाठी १००, गटारासाठी ६००. तेल आणि ग्रीस मात्र नदीसाठी १० आणि गटारासाठी अवघे २०. या आकड्यांतच नियमामागचा विचार दिसतो. साधारण घरगुती मैलापाण्याची बीओडी सहसा साडेतीनशेच्या आत असते, तेव्हा व्यावसायिकाकडून एवढीच अपेक्षा केलेली आहे की त्याने आपले पाणी घरगुती पाण्याच्या पातळीला आणून सोडावे. पुढचे काम प्रक्रिया केंद्रातले जिवाणू करतील. बीओडीला जवळजवळ बारापट सवलत आणि तेलाला फक्त दुप्पट, कारण सेंद्रिय मळ जिवाणू खातात, पण तेल केंद्रापर्यंत पोहोचण्याआधीच वाहिनीत अडकते. षट्संयुजी क्रोमियमची (क्रोमियमचे अधिक विषारी रूप) गटारातील मर्यादा २ मिलिग्रॅम आहे आणि आम्लता दर्शवणारा सामू ५.५ ते ९ च्या दरम्यान हवा. क्रोमियमचा अंश वाढला की ते जिवाणूच मंदावतात किंवा मरतात आणि मग केंद्राची वीज, पंप आणि माणसे चालू असूनही मैला जवळपास तसाच बाहेर पडतो.

इथेच पातळ करण्याचा दावाही निकाली निघतो. एक किलो क्रोमियम शंभर लिटर पाण्यात मिसळा किंवा एक लाख लिटर पाण्यात, केंद्रावर एक किलोच पोहोचते. संमतीपत्रात सांडपाण्याच्या गुणवत्तेबरोबर रोजचे प्रमाणही ठरवून दिलेले असते, ते याच युक्तीला आळा घालण्यासाठी.

गरम पाणी आणि साबण यांच्याबद्दलचा दावा सर्वांत जास्त पटणारा आहे, कारण तो स्वयंपाकघरातल्या अनुभवावर उभा आहे. सिंकमध्ये तेल खरोखरच दिसेनासे होते. पण ते नाहीसे झालेले नसते. त्याचे बारीक थेंब होऊन पाण्याबरोबर काही मीटर पुढे जातात आणि पाणी निवले, साबणाचा अंश विरळ झाला की पुन्हा एकत्र येऊन वाहिनीच्या भिंतीला धरतात. तिथे त्याचे मेदाम्लांत विघटन होते आणि ही मेदाम्ले पाण्यातल्या व काँक्रीटमधून सुटणाऱ्या कॅल्शियमबरोबर संयोग पावून एक कडक, अविद्राव्य साबण तयार होतो. उपाहारगृहाच्या मागच्या चेंबरचे झाकण उघडून पाहावे : वर राखाडी-पांढरा, मेणासारखा थर, त्यात रुतलेली भाताची शिते, चहाचा चोथा, केस, वाइप्स, बांबूच्या पट्टीने ढोसले तर तो ढेपळासारखा तुटतो आणि तुटलेला तुकडा पुढच्या वळणावर जाऊन बसतो. लंडनमध्ये व्हाइटचॅपल भागात २०१७ साली अशीच एक गाठ सापडली होती, २५० मीटर लांब आणि सुमारे १३० टन वजनाची. साबणाने तेल वाहून जात असते तर ती तिथे झाली नसती, कारण लंडनच्या स्वयंपाकघरांत गरम पाण्याची आणि साबणाची वानवा नाही.

म्हणून हॉटेलला ग्रीस ट्रॅप लावण्याची अट घातली जाते. त्यात गुंतागुंतीचे काही नसते : पाणी काही काळ संथ राहावे, निवावे, तेल वर तरंगावे आणि खालचे पाणी पुढे जावे, एवढेच ती टाकी करते. मात्र ती वेळच्या वेळी उपसली नाही तर तेल पुढे जाऊ लागते, आणि बहुतेक ठिकाणी घोडे इथेच अडते. परवान्यासाठी बसवलेली टाकी पुढे कुणी उघडतच नाही. तळणाचे वापरलेले तेल तर गटारात जायचे कारणच उरलेले नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून अशा तेलातील पोलर संयुगांना (तेल वारंवार तापवल्याने तयार होणारे घटक) २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे आणि ते गोळा करून जैवइंधनासाठी देण्याची योजनाही त्याच वर्षी सुरू केली. फरसाणवाल्याला या तेलाचे पैसे मिळतात, मग ते ओतून देण्यात कसली बचत?

वाइप्सबद्दल फार लिहायला नको. टॉयलेट पेपर पाण्यात विरतो, वाइप्स विरत नाहीत, पाकिटावर काहीही छापलेले असो. त्याहून दुर्लक्षित प्रकार घरदुरुस्तीचा आहे : लादी पॉलिशचा चिखल, सिमेंटची घमेली धुतलेले पाणी आणि उरलेले पीओपी नहाणी ट्रॅपमध्ये सोडले जाते, ते पाइपात घट्ट होते आणि मग खालच्या मजल्यावरचा माणूस वर्षभर प्लंबर बदलत राहतो.

ॲसिडचा सल्ला या मजकुरातला सर्वांत धोकादायक भाग आहे. ॲसिडने वर सांगितलेला चरबीचा थर फारसा हटत नाही, केस आणि प्लास्टिक तर नाहीच. उलट सिमेंटचे सांधे आणि चेंबरचा गिलावा झिजतो. पण खरी भीती वेगळीच आहे. तुंबलेल्या गटारात जिवाणूंमुळे सल्फाइड साचलेले असते आणि त्यावर आम्ल पडले की हायड्रोजन सल्फाइड वायू एकदम मोकळा होतो. या वायूला सडक्या अंड्यांचा वास येतो हे सर्वांना माहीत असते. शंभर पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास घ्राणेंद्रिय बधिर होऊन तो वास येईनासा होतो, हे फार थोड्यांना माहीत असते. चेंबरमध्ये उतरलेल्या माणसाला वास थांबला म्हणजे धोका टळला असे वाटते आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. सुरतच्या सचिन औद्योगिक वसाहतीत ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे एका टँकरमधून नाल्यात बेकायदा रसायन सोडले जात असताना विषारी वायू पसरला आणि शेजारच्या गिरणीतले सहा कामगार मरण पावले. ते कामगार गटारात उतरलेलेही नव्हते.

हाताने मैला साफ करण्याच्या कामाला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात गटारातील मृत्यूसाठीची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. संस्थेच्या चेंबरमध्ये कुणाला उतरवले गेले तर ‘ठेकेदाराने पाठवला होता’ या उत्तरावर कार्यकारिणीला सुटता येणार नाही. त्याआधी त्या चेंबरमध्ये कुणी ॲसिड ओतले होते का, हे उतरणाऱ्याला कुणी सांगत नाही.

पावसाच्या पाण्याचा मुद्दा गणिताने सुटतो. गटाराची वाहिनी माणशी दररोज १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्यातले सुमारे ८० टक्के परत येणार या हिशोबाने आखली जाते. शंभर माणसांच्या इमारतीतून दिवसभरात साधारण १०,८०० लिटर सांडपाणी निघते. त्याच इमारतीची गच्ची ५०० चौरस मीटर धरली आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, जो मुंबईत काही नवलाचा नाही, तर एका तासात २५,००० लिटर पाणी उतरते. म्हणजे दोन दिवसांपेक्षा जास्त सांडपाणी एका तासात त्याच नळीत कोंबले जाते. वाहिनीची आखणी करताना गर्दीच्या वेळेसाठी जागा सोडलेली असते, पण इतकी नव्हे. मग ते पाणी तळमजल्यावरच्या शौचालयातून उलटे वर येते किंवा रस्त्यावरच्या मॅनहोलचे झाकण उचलते. मुंबईत पर्जन्यजल वाहिन्या आणि मलवाहिन्या वेगळ्या ठेवल्या आहेत त्या यासाठीच. गच्चीच्या पाइपला चुकीचा जोड दिला की ही विभागणी त्या इमारतीपुरती निकामी होते. रस्त्यावर पाणी साचले की मॅनहोलची झाकणे उघडण्याची जी सवय आहे, तीही याच गैरसमजातून आलेली आहे.

शेवटचा दावा, पालिका स्वतः काय करते हा, मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण त्यात तथ्य आहे. वरळी आणि वांद्रे येथील मैलापाणी वर्षानुवर्षे केवळ चाळून आणि वाळू-रेती काढून साडेतीन किलोमीटरच्या आसपास समुद्रात नेऊन सोडले गेले. मुंबईतल्या सात नव्या प्रक्रिया केंद्रांचे भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झाले; त्यांची एकत्रित क्षमता दररोज सुमारे २,४६० दशलक्ष लिटर असेल, आणि इतकी वर्षे ती का उभी राहिली नाहीत हा प्रश्न पालिकेला विचारलाच पाहिजे. पण त्यावरून मजकूर जो निष्कर्ष काढतो तो उलटा आहे. चाळणीने कापड आणि प्लास्टिक अडते; शिसे, क्रोमियम, सायनाइड अडत नाही. जिथे पुढे प्रक्रिया नाही तिथे सोडणाऱ्याने जास्त काळजी घ्यायला हवी. रुग्णालयांच्या बाबतीत नियमांनीच हे मान्य केले आहे : जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत, प्रक्रिया केंद्र नसलेल्या गटाराला जोडलेल्या रुग्णालयांना वेगळ्या आणि कडक मर्यादा लावल्या आहेत. नवी केंद्रे सुरू झाल्यावरही धातू नष्ट होणार नाहीत, ते गाळात उतरतील, आणि असा गाळ शेतीला खत म्हणून देता येणार नाही.

पालिकेवर राग असणाऱ्यांना मागण्यासारखे पुष्कळ आहे. प्रत्येक केंद्रात येणाऱ्या पाण्यातील धातू आणि तेल यांचे अहवाल विभागवार जाहीर करावेत; संमती दिलेल्या प्रत्येक गाळ्याच्या हद्दीवर नमुना घेता येईल असे चेंबर आहे की नाही, याची तपासणी व्हावी. असे चेंबर नसले की कुणाचे पाणी कुणाच्या पाण्यात मिसळले हे सिद्धच होत नाही आणि कारवाई होत नाही. ‘आजवर कुणाला पकडलंय?’ या प्रश्नाने तो मजकूर संपतो; त्याचे खरे उत्तर या नसलेल्या चेंबरांत आहे.