नाकाच्या सर्जरीनंतरच्या गोळ्यांबद्दल खुलासा

आपल्या नौपाड्याच्या ग्रुपवर फिरतंय: ‘नाकाच्या सर्जरीनंतरच्या गोळ्यांनी कायमचं वेड लागतं, लगेच बंद करा.’ हे चुकीचं आहे.

सूज उतरावी म्हणून काही वेळा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड देतात. त्याने झोप उडते, चिडचिड होते, क्वचित भासही होतात, हे खरं. माझी धाकटी बहीण पहाटे ३ वाजता डबे घासत बसली होती. डॉक्टरांनी डोस उतरवला, चार दिवसांत शांत झोपायला लागली. १९७२ च्या बोस्टनच्या अभ्यासात प्रेडनिसोन (याच जातीचं स्टेरॉइड) रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्या १.३ टक्के, तर ८० च्या वर घेणाऱ्या १८.४ टक्के रुग्णांना असा मानसिक त्रास झाला. डोस कमी केल्यावर बहुतेकांचा हा त्रास जातो.

गोळ्या परस्पर बंद करू नका, सर्जनना फोन करा. रात्री-अपरात्री टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.