पारिसेची कारकीर्द खरंच वाया गेली?

सिक्स नेशन्सचा, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या वार्षिक रग्बी स्पर्धेचा, मोसम आला की इटलीचा माजी रग्बी कर्णधार सर्जिओ पारिसे याच्यावरची एक पोस्ट हमखास फिरायला लागते. मजकूर थोडाफार बदलतो, सूर तोच: इटलीकडून शंभरावर सामने हरला, हाताला एकही करंडक लागला नाही, अर्जेंटिनात जन्मून चुकीचा देश निवडला आणि ऐन वेळी हिरोगिरी करून जिंकत आलेला सामना घालवला. थोडक्यात, माणूस गुणी, पण कारकीर्द मातीत.

करंडकांचं आधी उरकून टाकू, कारण ते धडधडीत खोटं आहे. त्रेविझो क्लबकडून इटलीची लीग, पॅरिसच्या स्टाद फ्रान्सेकडून 2007 आणि 2015 ची फ्रेंच लीग, त्याच क्लबकडून 2017 चा चॅलेंज कप (युरोपातल्या क्लबांची दुसऱ्या फळीची स्पर्धा) आणि वयाच्या 39 व्या वर्षी तुलाँ या फ्रेंच क्लबकडून 2023 मध्ये पुन्हा तोच कप. फ्रेंच लीग ही क्लब रग्बीतली सगळ्यात दमवणारी स्पर्धा मानली जाते. ती दोनदा जिंकलेल्या माणसाला रिकाम्या हाताचा म्हणायचं म्हणजे कमालच.

आता ‘चुकीचा देश’. जन्म अर्जेंटिनातल्या ला प्लाता शहरातला, हे बरोबर. पण आई-वडील इटालियन, आणि वडील इटलीतल्या लाक्विला क्लबकडून रग्बी खेळलेले, 1967 मध्ये इटलीची लीग जिंकलेल्या संघातले. इटलीची जर्सी या घरात आधीपासूनच आपली होती. अर्जेंटिना वर्ल्ड कपमध्ये तिसरी आली ती 2007 मध्ये; पारिसे इटलीकडून पहिला सामना खेळला 2002 मध्ये, न्यूझीलंडविरुद्ध, अठराव्या वर्षी. पाच वर्षांनंतरचा निकाल बघून त्याने देश निवडायला हवा होता, असं पोस्टवाल्यांचं म्हणणं दिसतंय.

राहिला शंभर पराभवांचा आकडा. तो खरा आहे, आणि खरा असल्यामुळेच जास्त फसवतो. एवढे सामने हरायला आधी तेवढ्या वेळा संघात निवड व्हावी लागते. पारिसे 142 आंतरराष्ट्रीय सामने खेळला, त्यातले 69 सिक्स नेशन्समधले. म्हणजे दरवर्षी इंग्लंड, फ्रान्स, आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड. यातला एकही संघ इटलीला सोपा नव्हता. कमकुवत संघातला साधा खेळाडू वीस-तीस सामन्यांत बाद होतो, त्याच्या नावावर शंभर पराभव लागतच नाहीत. पारिसे मात्र 2008 आणि 2013 मध्ये जगातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या अंतिम यादीत होता. 2008 मध्ये तर इटली सिक्स नेशन्समध्ये तळाला होती!

निकालांना मुलामा द्यायचं कारण नाही. तो पाच वर्ल्ड कप खेळला आणि पाचही वेळा इटली गटात तिसरी राहून घरी गेली. त्याच इटलीने 2013 मध्ये रोमला फ्रान्सला 23-18 हरवलं. सहकारी ओर्केराच्या पासवर पहिला ट्राय, म्हणजे बॉल समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण, पारिसेचाच. मग आयर्लंडलाही लोळवलं. 2016 मध्ये फ्लोरेन्सला दक्षिण आफ्रिका 20-18. कर्णधार तोच. हे सामने पोस्टमध्ये कधी सापडत नाहीत.

सापडतो तो फक्त फेब्रुवारी 2016 चा ड्रॉप गोलचा प्रयत्न, म्हणजे बॉल हातातून टाकून उसळताच खांबांमधून मारायची तीन गुणांची किक. पॅरिसजवळच्या स्टाद द फ्रान्स मैदानावर फ्रान्सविरुद्ध इटली 21-20 अशी पुढे होती. शेवटच्या काही मिनिटांत फ्रान्सच्या प्लिसाँने खूप लांबून पेनल्टी मारली, फ्रान्स 23-21 पुढे. गंमत म्हणजे प्लिसाँ हा क्लबमध्ये पारिसेचाच सहकारी. शेवटच्या क्षणी इटलीकडे बॉल आला आणि किक मारायला पुढे आला नंबर आठ, म्हणजे स्क्रमच्या (दोन्ही संघांचे फॉरवर्ड एकमेकांना ढकलतात त्या झुंजीच्या) शेपटाला जोर लावणारा फॉरवर्ड, किक मारणं ज्याचं काम नाही. बॉल खांबांमधून गेला नाही. ती किक त्याने घ्यायला नको होती, हे मलाही पटतं. पण ‘सामना घालवला’ कसा? इटली तेव्हा मागेच होती. आणि बरोबरीत लढत देणाऱ्या त्या संघाचा एक ट्राय त्याच दुपारी पारिसेने केला होता.