सगळ्यांच्या पानात रेल्वे

आमदार होऊन राज्याचा कायापालट करायचं मनावर घेतलंच असेल, तर आधी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचं १८३६-३७चं अधिवेशन अभ्यासा. व्हँडेलिया या छोट्या गावात ते भरलं होतं. राज्याची लोकसंख्या पाच लाखांच्या आत आणि तिजोरीत खडखडाट. थोडक्यात, विकासाला अत्यंत पोषक वातावरण.

पहिलं म्हणजे लहान आकडा तोंडातून काढू नका. एका पुलासाठी पैसे मागणाऱ्याकडे लोक हिशेब मागतात. कोटीची भाषा करणाऱ्याला द्रष्टा म्हणतात. इलिनॉयकरांनी एक कोटी डॉलरच्याही पुढे मजल मारली. दक्षिण टोकाच्या कैरोपासून उत्तरेकडे जाणाऱ्या एकट्या मध्य रेल्वेला ३५ लाख. शिवाय आडव्या रेल्वे वेगळ्या, नद्या सुधारणं वेगळं, टपालाचा रस्ता वेगळा. नीट सर्वेक्षण होईपर्यंत थांबायची गरज त्यांना वाटली नाही, तुम्हालाही वाटू देऊ नका.

पण रेल्वे काही प्रत्येक काउंटीतून, म्हणजे तिथल्या जिल्ह्यातून, जात नाही, आणि जिथून जात नाही तिथल्या आमदारालाही मत असतं. यावरचा तोडगा वाचून मी त्या मंडळींना मनोमन हात जोडले. ज्या काउंट्यांच्या वाट्याला रेल्वे नाही, नदीसुधारणा नाही, त्यांना मिळून दोन लाख डॉलर रोख! पंगतीत ज्याच्या पानापर्यंत श्रीखंड पोचलं नाही, त्याच्या हातावर दक्षिणा. मग आचाऱ्याचे पैसे कोण देणार, हे विचारायला कोणाचं तोंड मोकळं राहतं?

काम कुठून सुरू करायचं, यावरूनही भांडणं लागतात. ती कायद्यातच मिटवा. इलिनॉयने मिटवली होती: प्रत्येक मार्गाचं काम दोन्ही टोकांकडून, शिवाय वाटेतल्या महत्त्वाच्या गावांपासून आणि नद्या ओलांडायच्या ठिकाणांपासून दोन्ही दिशांना, सगळं एकाच वेळी. जो तो आपल्या गावात कुदळ मारायला मोकळा. हे तुकडे एकमेकांना जोडणार कधी, ही शंका विघ्नसंतोषी लोकांची.

विघ्नसंतोषी वरच्या जागांवरही बसलेले असतात. राज्यपाल जोसेफ डंकन आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश यांच्या मंडळाने विधेयक परत पाठवलं. घाबरू नका. राज्यघटना सोयीची असावी लागते: तिथे तेच विधेयक निम्म्याहून अधिक सदस्यांनी पुन्हा मंजूर केलं की झालं. २७ फेब्रुवारी १८३७ला घोडं गंगेत न्हालं.

दुसऱ्याच दिवशी राजधानी व्हँडेलियाहून स्प्रिंगफील्डला हलवायचा कौल लागला. ती जाऊ नये म्हणून व्हँडेलियाकरांनी घाईघाईने नवं विधानभवन उभारलं होतं, बिचारे. स्प्रिंगफील्डच्या बाजूने लढत होते सँगमन काउंटीचे नऊ प्रतिनिधी. नवांची उंची मिळून ५४ फूट भरते, अशी ख्याती, आणि त्यांतला सर्वांत उंच होता अठ्ठावीस वर्षांचा अब्राहम लिंकन. रेल्वेच्या मतांच्या बदल्यात राजधानी पदरात पाडून घेतली, हा आरोप त्यांच्यावर तेव्हापासून आहे. काही अभ्यासकांना तो पटत नाही. तुम्ही मात्र आरोप होण्याइतपत तरी यश मिळवा.

आता पैसा. कर हा शब्द उच्चारू नका. कर्जरोखे विका आणि सांगा, गाड्या धावतील, नफा होईल, त्यातून व्याज सुटेल. मे महिन्यात न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी देणं बंद केलं आणि देशभर मंदी आली, तरी इलिनॉयची खोदाई चालूच होती. पुढे व्याज थकलं, रोख्यांचा भाव कोसळला. कर्ज फेडायला जवळपास चार दशकं लागली, पण तोवर तुम्ही आमदार थोडेच राहणार आहात?

आणि रेल्वे? झाली ना. मेरेडोशियापासून स्प्रिंगफील्डपर्यंत एक तुकडा पुरा झाला. इंजिन थकल्यावर डबे खेचरांनी ओढले. सुमारे दहा लाख डॉलर खर्चून बांधलेला हा मार्ग राज्याने १८४७मध्ये २१,१०० डॉलरला विकला.

सभागृहात फारच कोंडी झाली, तर तळमजल्याची खिडकी बघून ठेवा. डिसेंबर १८४०मध्ये स्टेट बँकेच्या प्रश्नावर कोरम मोडण्यासाठी लिंकन आणि त्याच्या दोन साथीदारांनी खिडकीतून उड्या टाकल्या. फक्त वेळेचं भान ठेवा; त्यांची हजेरी आधीच मोजून झाली होती.

एवढं करून राजकीय भवितव्याची काळजी वाटत असेल, तर तीही सोडा. त्या विधेयकाच्या बाजूने मत देणाऱ्यांत लिंकन होता, तसाच विरोधी पक्षातला स्टीफन डग्लसही होता. १८६०मध्ये हे दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले, राष्ट्राध्यक्षपदासाठी.