नाणं चिंचेत घालू नका: माझ्याच मेसेजचा खुलासा

गणपतीच्या आधी मी गावच्या ग्रुपवर लिहिलं होतं, "पुळणीत सापडलेलं हिरवं नाणं रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवा, सकाळी राखेने घासा, नव्यासारखं होतं." तो मेसेज आता रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि चूक माझी आहे.

तांब्याचा हंडा चिंचेने उजळतो, म्हणून मला ते पटलं होतं. पण हंड्यावर नुसता पातळ थर काळवंडलेला असतो. खाऱ्या वाळूत वर्षानुवर्षं पडलेल्या नाण्याचा वरचा धातूच गंजात बदललेला असतो, आणि पुष्कळदा अक्षरं त्या थरातच उरलेली असतात. आंबटाने थर गेला की अक्षरंही गेली. माझ्या हातून एका शिवराईवरचं 'छत्रपती' असंच पुसलं गेलं. ते अजून मनाला लागून आहे.

शिवाय मीठ आतच राहतं. कोरड्या नाण्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड दिसू लागली, तर आतून झीज चालू आहे असं समजा.

मग करायचं काय? गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात नाणं ठेवा, पाणी बदलत राहा. काही आठवडे लागतात. घासू नका. चांदीचं किंवा जुनं वाटलं तर तेवढंही नको, जाणकाराला दाखवा.

आणि 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला, 10 रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात त्यांना हा पाठवा.