पैसे शील्डेड केबलचे, अर्थिंगच्या नावानं शून्य!

शील्डेड केबलचे, म्हणजे आतल्या तारांवर धातूच्या फॉइलचं आवरण (शील्ड) असलेल्या केबलचे, पैसे मोजून घ्यायचे आणि दोन्ही टोकांना तिची फॉइल, तिच्यातली उघडी तार मुळापासून छाटून टाकायची, ही कुठली कामाची रीत? आमच्या घरातल्या टेलिफोनच्या वायरिंगचं हेच करून ठेवलंय. शेजारच्या शेडमध्ये यंत्रमाग सुरू झाले की रिसीव्हरमध्ये नुसती घूंऽऽ. समोरचा काय बोलतोय ते कळत नाही. विचारलं तर वायरमन म्हणतो, "महागातली केबल टाकलीय मालक, आणखी काय पाहिजे?"

अर्थिंग पाहिजे! ती उघडी तार कचरा म्हणून देत नाहीत. मोटारींचा, लाईटच्या वायरींचा जो त्रास फॉइलवर येतो तो तिच्यावाटे जमिनीत जायचा असतो. लाईनवर एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट असले तरी बोलण्याचा सिग्नल अगदी नाजूक. तार तोडली की फॉइल अधांतरी राहते, मग ती असून नसून सारखीच. आणि चुंबकीय घरघर तर पातळ फॉइलनं अडतच नाही, त्यासाठी आतल्या दोन तारांना एकमेकींभोवती नीट पीळ लागतो. यांनी रोझेटपाशी, म्हणजे फोन जोडायच्या भिंतीवरच्या डबीपाशी, तो पीळही वीतभर उलगडून ठेवलाय!

दुसरा आला, त्यानं दोन्ही टोकं बांधली. खाली लाईटच्या बोर्डाच्या अर्थला, वर नळाच्या पाईपला. दोन जागचं अर्थ कधी सारखं नसतं, शील्डमधूनच करंट फिरायला लागला आणि घरघर वाढली. अरे, एकाच टोकाला बांधायचं, लाईन घरात शिरते तिथं! वर म्हणतो, "न्यूट्रलला जोडू का?" न्यूट्रल कुठं तुटला तर सगळ्या शील्डवर करंट येईल, पोरंबाळं हात लावतात तिथं. माणसाच्या जिवाची काही किंमत आहे का नाही?

बोर्डाच्या अर्थचं तरी काय? कित्येक थ्री-पिनच्या मोठ्या भोकामागं अर्थची वायरच नाही! बिल्डरनं पैसे घेतले, अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ घातलं का कुणी पाहिलं नाही. सोलापूरचा उन्हाळा चाळीशीपार जातो, जमीन कोरडी ठाक पडते, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायला हवं हे कुणी सांगतही नाही.

आता जो येईल त्यानं आधी खड्डा दाखवायचा, मीटर लावून अर्थ सिद्ध करायचं आणि ती तार माझ्या डोळ्यांदेखत बांधायची. तोवर एक रुपया देणार नाही.