ऑफिसचा नॅस बुडवण्याचे सोपे उपाय

ऑफिसात नॅस, म्हणजे सगळ्यांच्या फाइल्स एकत्र ठेवणारी नेटवर्कवरची डिस्कपेटी, घेतलात? वा! आता सगळे एकाच झेड ड्राइव्हवर काम करणार म्हटल्यावर काही पथ्यं पाळायलाच हवीत.

यूपीएस घेऊ नका. मुंबईत लाइट जाते का कधी?

पासवर्ड सगळ्यांना एकच द्या, तोही ॲडमिनचा. वेगवेगळ्या परमिशन देणं म्हणजे माणसांवर अविश्वास.

जुन्या स्कॅनरसाठी एसएमबी 1, म्हणजे नेटवर्कवर फाइल्स शेअर करायची जुनाट पद्धत, चालू ठेवा. 2017 च्या मे महिन्यात फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय त्याच दारातून आत शिरला होता, पण आपल्याकडे कोण येतंय!

एक्सेल उघडी ठेवायची, पीसी लॉक करायचा आणि बदलापूर फास्ट पकडायची. मागचे बसतात 'फाइल वापरात आहे' वाचत. शेवटी 'फायनल_खरी_नवीन' करून ठेवतातच की.

आणि जागा संपली की बेधडक डिलीट मारा. आमच्या साहेबांनी गेल्या आठवड्यात मारलं. गिरगावच्या चाळीच्या पुनर्विकासाची सगळी ड्रॉइंग्ज. फोल्डर म्हणे 'जुना वाटला'. मग स्वतःच्या पीसीवरचा रीसायकल बिन उपसत बसले. नेटवर्क ड्राइव्हवरून उडवलेलं तिथे येत नाही! विंडोज 'कायमचं डिलीट करू का' असं विचारतं, पण वाचतो कोण? नॅसला स्वतःचा रीसायकल बिन असतो, स्नॅपशॉट असतात, म्हणजे फाइल्स अमुक वेळी जशा होत्या तशा परत आणायची सोय. दोन्ही बंद. का, तर 'जागा खातात'. वर मलाच प्रश्न, "अरे, दोन डिस्क आहेत ना? रेड आहे ना?" आहे. रेड म्हणजे डिस्क जोडून ठेवायची पद्धत, आपल्याकडे रेड 1 आहे. एका डिस्कवर जे होतं तेच दुसरीवर त्याच क्षणी होतं. डिलीटसुद्धा. डिस्क मेली तर रेड वाचवेल, साहेबांच्या बोटापासून कसा वाचवणार?

बॅकअपला बाहेरची डिस्क मी दिवाळीआधीच मागितली होती. लॅमिंग्टन रोडवरून दुपारच्या दुपारी आली असती. 'बघू' म्हणाले. रिसेप्शनला सोफा मात्र नवा आला.

अहो साहेब, रेड म्हणजे बॅकअप नव्हे! तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर साठवलेल्या, त्यातली एक ऑफिसबाहेर. एवढंही जमत नाही? रविवारी ऑफिसातली पोरं छापील ड्रॉइंग्ज समोर ठेवून रेघ न् रेघ पुन्हा मारत होती, आणि तुम्ही लोणावळ्याला. डिस्क आज आणा. स्नॅपशॉट आज चालू करा. आणि ॲडमिनचा पासवर्ड परत द्या, तुमच्याकडे नको तो.