सौख्यसदनाच्या वाटेवर

बर्फाचा इशारा आला की बॉस्टनच्या आसपासची माणसं दूध, पाव आणि अंडी आणायला धावतात. आम्ही पडलो डोंबिवलीचे. आम्ही साबुदाणा भिजवला.

त्या रविवारी सकाळी दारापुढे दोन फूट बर्फ होतं. मुलगा फावडं घेऊन स्वतःची गाडी शोधत होता. नातवंडांची रविवारची मराठी शाळा रद्द झाली होती. बाईंनी पालकांच्या ग्रुपवर गृहपाठ तेवढा न विसरता टाकला होता : ‘आजचा रविवार घरी कसा घालवला? पाच वाक्ये लिहा.’ सूनबाईंनी दोन्ही टॅब कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवले, मुलं माझ्यापुढे आणून उभी केली आणि म्हणाल्या, “बाबा, तुम्ही काहीतरी संस्कार करा ना.”

‘संस्कार’ हा शब्द ऐकला की माझ्या अंगात येतं. शिवाय माझी तयारी झालेली होती.

इथून जवळच सेलम नावाचं गाव आहे. जुन्या चेटकीण-खटल्यांमुळे ते गाजलं, म्हणून लोक तिथे चेटकिणींसाठी जातात. पण १८४३ साली त्याच गावात डब्ल्यू. अँड एस. बी. आइव्ह्‌ज यांनी ‘द मॅन्शन ऑफ हॅपिनेस’ नावाचा पट छापला होता. मूळ खेळ इंग्लंडातला, १८०० सालचा. नावाचं मराठी ‘सौख्यसदन’ केलं तर सहकारी गृहरचना संस्था वाटेल, पण आहे तो मुलांना सदाचार शिकवायचा खेळ. चकलीसारखी आत वळत जाणारी ६६ घरं आणि अगदी मध्यभागी ते सदन. वाटेत प्रामाणिकपणा, संयम, नम्रता, उद्योगीपणा असं एखादं सद्‌गुणाचं घर लागलं की सहा घरं पुढे. दुर्गुण लागला की शिक्षा. मी पटाचं चित्र चार कागदांवर छापलं आणि जुन्या उशीच्या अभ्र्यावर चिकटवलं. तेव्हाचे इंग्रज प्रकाशकही हेच करत : कागदाचे तुकडे कापडावर चिकटवायचे, म्हणजे पट घडी होऊन खोक्यात जातो. त्यांचं खोकं देखणं असे. माझं शेवेचं होतं.

“डाइस कुठेय?” धाकट्यानं पहिला प्रश्न विचारला.

फासे नाहीत! फासे म्हणजे जुगार. १७९० साली लंडनला निघालेल्या ‘न्यू गेम ऑफ ह्यूमन लाइफ’च्या नियमांतच लिहिलं होतं, की सभ्य कुटुंबात फाशांचा डबा शिरू नये म्हणून सहा बाजूंची भिंगरी वापरावी. तिचं नाव टीटोटम. मी पुठ्ठ्याची षटकोनी चकती कापून तिच्यात टूथपिक खोचली, कडेला एक ते सहा आकडे घातले. फिरवायची, कलंडेल त्या बाजूचा आकडा घ्यायचा. फासा आणि भिंगरी यांत नैतिक फरक काय, हे मला अजून कळलेलं नाही, पण धाकट्याला व्यावहारिक फरक दुसऱ्याच फेरीत कळला. भिंगरी हलक्या हातानं फिरवली की षटकार हमखास पडतो.

माझी पहिली फेरी. मी दारुडा झालो.

“आजोबा ड्रंक!” धाकटा सोफ्यावर उभा राहून नाचायला लागला. नियमाप्रमाणे दारुड्याला खोड्यात घालायचं. खोडा म्हणजे काय, असं थोरलीनं विचारलं. पायांना लाकडी फळ्यांत अडकवून चौकात बसवत, असं मी अभ्यासू आवाजात सांगितलं. ही माहिती मी द्यायला नको होती. पुढचा बराच वेळ माझे पाय डायनिंगच्या खुर्चीच्या गजांत होते.

“हा तर आपला मोक्षपट,” ही माझ्याकडे न बघता म्हणाली. “ज्ञानेश्वरांचा म्हणतात तो. गुणांच्या शिड्या, अवगुणांचे साप. तेवढ्यासाठी सेलमला कशाला जायला हवं?”

बरोबर होतं तिचं. सापशिडी आपल्याकडूनच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात गेली. पण हे तिनं सांगायचं आणि मी पाय अडकवून ऐकायचं, हा योग चांगला नव्हता. तेवढ्यात तिची सोंगटी ‘रविवार न पाळणारा’, म्हणजे देवाच्या वारी प्रार्थना सोडून काम-खेळ करणारा, या घरात पडली. शिक्षा : खांबाला बांधून फटके.

“आज वार कोणता?” हिनं विचारलं.

रविवार होता. चौघंही खेळत होतो. हा मुद्दा मी घाईघाईनं गुंडाळला.

मला सगळ्यांत आवडलेला नियम असा, की उद्धटपणा, क्रौर्य, निर्लज्जपणा किंवा कृतघ्नपणा अंगी आला तर खेळाडूनं आधीच्या जागी परत जायचं आणि पुढची पाळी येईपर्यंत सुखाचा उपभोग तर दूरच, नुसता विचारही करायचा नाही. थोरली दहा वर्षांची आहे. ती म्हणाली, “पण विचार करतायत की नाही, हे चेक कसं करायचं?” मग तिनं स्वतःच माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि जाहीर केलं, “आजोबा करतायत.”

थोडं खेळून झाल्यावर तिनं दुसरी तक्रार मांडली. “यात माझं डोकं कुठे वापरायचं? मी चांगली का झाले? भिंगरीनं सांगितलं म्हणून!” नेमकी हीच गोम याच राज्यातल्या स्प्रिंगफील्डच्या एका तरुण छपाईवाल्यानं ओळखली होती. मिल्टन ब्रॅडली. १८६० मध्ये त्यानं लिंकनचं गुळगुळीत दाढी केलेलं चित्र छापलं. तेवढ्यात अकरा वर्षांच्या एका मुलीनं लिंकनला दाढी ठेवा असं पत्र लिहिलं, त्यानं ठेवली, आणि ब्रॅडलीचा माल पडून राहिला. मग त्यानं ‘चेकर्ड गेम ऑफ लाइफ’ हा ६४ घरांचा पट काढला. त्यात भिंगरीनं आकडा सांगायचा, पण कुठल्या दिशेला जायचं हे बरेचदा खेळणाऱ्यानं ठरवायचं. वर्षभरात ४५,००० च्या आसपास खपले. ‘सुखी म्हातारपण’ या घराला सगळ्यांत जास्त, म्हणजे ५० गुण. हे सांगताना मी खुर्चीतून पाय सोडवत होतो.

“आणि त्या १७९० वाल्यात काय होतं?” हिनं विचारलं. तिनं आदल्या रात्री माझी टिपणं वाचली होती, हे मला उशिरा कळलं. त्या पटावर ८४ घरं, आयुष्याच्या एकेका वर्षाला एक, आणि शेवटच्या घरात ‘अमर पुरुष’ म्हणून न्यूटन. पंचेचाळिसाव्या घरातला शोकांतिका लिहिणारा लेखक थेट न्यूटनच्या जागी जाऊन जिंकतो. “आणि चाळिसाव्यातला कादंबरीकार?” ती म्हणाली. मी गप्प. “दंड भरून परत पाचव्या घरात, खोडकर मुलाकडे,” तिनं मुलांना सांगितलं आणि दिवाळी अंकातल्या माझ्या एकुलत्या एका लघुकादंबरीचा मोठ्या मनानं उल्लेख टाळला.

यानंतर मी आळशी झालो. आळशाला दारिद्र्याकडे पाठवतात. तिथून कसाबसा वर सरकतो तो मूर्खपणाच्या रस्त्याला लागलो, आणि नियमानं शहाणपणाच्या घरी मागे आलो. दरम्यान धाकटा पाचव्यांदा षटकार काढून, प्रामाणिकपणाच्या घरावरून आणखी सहा उड्या मारून सदनाच्या दारात उभा होता.

“तू चकती मुद्दाम आडवी पाडतोस!” मी म्हणालो. जरा मोठ्यानं म्हणालो असेन.

थोरलीनं शांतपणे नियमांचा कागद उचलून वाचला. जो रागावेल त्याला पाण्यापाशी नेऊन बुचकळावं, म्हणजे तो थंड होईल. मी सांगायचा प्रयत्न केला, की हा नियम रागाच्या घरात पडलेल्या सोंगटीला लागू आहे, खेळणाऱ्याला नाही. पण धाकटा स्वयंपाकघरात पोचला होता. तिथून तो भरलेलं भांडं घेऊन आला, आणि पाणी नळाचं होतं. त्या हवेत.

मी कोरडा स्वेटर घालून आलो तोवर खेळ संपला होता, टॅब खाली आले होते, आणि थोरली टेबलाशी बसून गृहपाठ लिहीत होती. संध्याकाळी सूनबाईंनी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. चाळीस पालक आहेत त्या ग्रुपवर, बहुतेकांना मी गणेशोत्सवात भेटलो आहे.

‘आज माझे आजोबा सकाळीच दारू प्यायले. आम्ही त्यांचे पाय खुर्चीत अडकवले. मग ते आळशी झाले आणि गरीब झाले. त्यांना खूप राग आला. माझ्या भावाने त्यांच्यावर पाणी ओतले.’

बाईंनी खाली लिहिलं होतं, ‘शुद्धलेखन उत्तम!’